ज्ञात बोजे : निरंक

मा. संपादक यांस,
स. न.

बँकांच्या ई-लिलावांमुळे कर्ज थकवणाऱ्यांच्या जप्त मालमत्तांची विक्री 'पारदर्शक' झाली, असे प्रशस्तिपत्र देणारा लेख कालच्या अंकात वाचला. लेखकमहाशयांनी स्वतः अशी एखादी सदनिका घेतली असावी असे वाटत नाही. मी घेतली आहे.

दोन वर्षांपूर्वी डोंबिवलीतील एका सदनिकेसाठी मी घरबसल्या बोली लावली. पाहणीच्या दिवशी बँकेच्या अधिकाऱ्याने मला तिसऱ्या मजल्यावर नेऊन कुलपावरचे लाखेचे सील दाखवले आणि किल्ली शाखेत राहिल्याचे सांगून पाच मिनिटांत खाली आणले. नोटिशीत 'ज्ञात बोजे : निरंक' असे छापले होते, म्हणजे सदनिकेवर कोणाचे देणे असल्याचे बँकेला ठाऊक नाही. पुढे विक्री-दाखला घेऊन सोसायटीत गेलो, तेव्हा सचिवांनी नऊ वर्षांच्या देखभाल शुल्काचा व्याजासह हिशेब पुढे सरकवला : ३ लाख ८६ हजार रुपये. सोबत या थकबाकीविषयी त्याच बँकेला लिहिलेल्या पत्राची पोच होती, बँकेच्या गोल शिक्क्यानिशी, लिलावाच्या सात महिने आधीची. ती शाखेत दाखवली, तर उत्तर मिळाले, ''काका, 'जे आहे जेथे आहे' वाचलं नव्हतं का तुम्ही?'' म्हणजे मालमत्ता आहे त्या स्थितीत घ्यायची, ही लिलावाची अट.

कर्ज थकल्यास तारण मालमत्ता न्यायालयात न जाता विकण्याची मुभा बँकेला देणाऱ्या सरफेसी कायद्याखालील २००२ च्या नियमांनी बोलीदाराला दिवस मोजून दिले आहेत. २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी, उरलेली विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत, लेखी मुदतवाढ मिळाली तरी तीन महिन्यांच्या आत. चुकलात तर भरलेले जप्त. अशी जप्ती सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये उचलूनही धरली आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. बँकेने मात्र आपल्याला 'ज्ञात' असलेले बोजे तेवढे जाहीर करायचे, आणि स्वतःच्या शिक्क्याचे पत्रही ज्ञात धरायचे की नाही, हे तिनेच ठरवायचे! सोसायटी, महापालिका आणि वीज कंपनी यांचे ताजे थकबाकीचे दाखले संकेतस्थळावर चढवल्याखेरीज बोली सुरू होणार नाही, एवढे एक वाक्य नियम ८ मध्ये घालणे अवघड आहे काय? लिलाव चावडीवर होत असे, तेव्हा ''त्या विहिरीत भावकीचा वाटा आहे हो'' असे गर्दीतले कोणी कानाशी येऊन सांगे तरी. माझ्या पडद्यावर फक्त उलटे धावणारे घड्याळ होते.

आता थोडे आपल्याविषयी. अशा विक्रीची नोटीस एका स्थानिक भाषेतील वृत्तपत्रातही द्यावी लागते, म्हणून ती आपल्याकडे येते. 'सर्व थकबाकी खरेदीदाराने भरावी' ही त्यातली अट क्रमांक १७ मला भिंग लावल्यावर सापडली, तीही पैसे भरून झाल्यावर. त्याच पानावर साड्यांच्या सेलची जाहिरात होती. तिच्यातले '५० टक्के' मला चष्म्याशिवाय वाचता आले.

– आपला एक वर्गणीदार, डोंबिवली (पूर्व)