कुठल्या जागेवर खेळायचात, काका?

प्रिय कोपरखैरणेकरा,

नाव छापायचं नाही असं तू बजावलंयस, म्हणून गावावरच भागवते. पत्र मात्र जाहीर लिहितेय, कारण तोंडावर आभार मानायला गेलं की तू "चालतंय की, ताई" म्हणतोस आणि लगेच मुंबई सिटी फुटबॉल संघातल्या छांगतेच्या डाव्या पायावर घसरतोस. इथे तुला मध्ये बोलता येणार नाही.

परवा बाबांच्या नजरेची तपासणी झाली. काचबिंदूवाल्यांची असते ती. यंत्रात तोंड घालून समोरच्या ठिपक्याकडे एकटक बघायचं आणि कडेला कुठे उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. काचेतून मी बघत होते. बाबांचा अंगठा बराच वेळ हललाच नाही. बाहेर आले, कागद माझ्या हातात कोंबला आणि म्हणाले, "डावी बाजू पार उघडी पडली गं. बॅक वर गेलाय तो परत आलाच नाही." बॅक म्हणजे फुटबॉलमधला बचावपटू. मी तिथे हसले, आणि मग औषधं आणायच्या निमित्ताने जिन्यात जाऊन रडले. हाच माणूस पूर्वी तपासणीहून आला की दोन-दोन दिवस कुणाशी बोलायचा नाही.

वाचणाऱ्यांना कळावं म्हणून सांगते. काचबिंदूत बहुतेकदा आधी कडेची नजर जाते, मधली टिकते. माणूस समोरचा चेहरा ओळखतो, पेपरातला मथळा वाचतो, आणि शेजारून येणाऱ्या रिक्षाला धडकतो. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून उरलेली राखायची, एवढंच. फुटबॉलच्या मैदानावर याचा अर्थ असा की बाबांना चेंडू दिसायचा, संघ दिसायचा नाही. कुणी लांब पास मारला की चेंडूही त्या छोट्या गोलातून निसटायचा आणि सापडेपर्यंत तिकडे कॉर्नर मिळालेला असायचा.

बरं, बाबा नुसते बघे नव्हेत. कंपनीच्या संघातून मुंबईची हारवूड लीग खेळलेत, कूपरेजच्या मातीत गुडघे फोडून घेतलेत, रोव्हर्स कपाला गोव्याचे संघ आले की अर्धी रजा टाकून गेलेत. इंडियन सुपर लीगमधले मुंबई सिटीचे पहिल्या दोन हंगामांतले, म्हणजे २०१४ आणि २०१५चे घरचे सामने नेरूळला डी. वाय. पाटीलवर होते. ठाण्याहून पनवेल गाडी पकडली की सरळ तिथे. तेव्हा बाबा मला आपल्याकडून खेळणारा फ्रान्सचा अनेल्का दाखवायचे. २०१७च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाचा स्पेन-माली उपांत्य सामनाही आम्ही तिथेच पाहिला. स्पेनने तो ३-१ जिंकला, तिसरा गोल फेरान तोरेसचा. "हा पोरगा चेंडू यायच्या आधीच जागेवर असतो," असं बाबा म्हणाले होते. पुढे तो बार्सिलोनाला गेला तेव्हा त्याला आपणच शोधून काढल्यासारखे घरभर सांगत फिरले. थोडक्यात काय, बाबा बिनचेंडूचा खेळ बघणारे. आणि नेमका तोच गेला.

मग लोक सुरू झाले. एका नातलगाने सुचवलं, "आता क्रिकेट बघा, त्यात एका वेळी एकच काहीतरी होतं." एका मैदानावर (नाव घेत नाही) फाटकावरच्या माणसाने बाबांची काठी बघून मलाच विचारलं, "यांना दिसत नाही तर आणता कशाला?" बाबा शेजारीच उभे. त्यांचे कान शाबूत आहेत याचा विचार त्या गृहस्थाच्या मनाला शिवला नसावा. टीव्हीकडून आशा होती, तर तिथले समालोचक "काय सुंदर फटका!" म्हणतात आणि दहा सेकंद गप्प बसतात. फटका कुठून आला, त्याला मोकळं कुणी सोडलं, कोण जागा सोडून गेला, काही नाही. आणि घरी, दवाखान्यात, लग्नात, भेटेल तो एकच विचारणार: "आता कितपत दिसतं?"

६ नोव्हेंबर २०२३ला सौदीचे अल हिलाल नेरूळला आले. आशियाई चॅम्पियन्स लीग, कधी नव्हे तो असा संघ आपल्या दारात. त्यांचा नेमार आधीच गुडघा मोडून बसला होता, तरी गर्दी काही कमी नव्हती. बाबा यायला तयार नव्हते. मी जवळजवळ ओढूनच नेलं. आमच्या शेजारच्या खुर्चीवर तू. आकाशी जर्सी, मांडीवर पोरांच्या प्रशिक्षणाचे शंकू भरलेली पिशवी. मी नेहमीचं पाठ केलेलं वाक्य म्हटलं: यांना कडेचं दिसत नाही, उठताना पाय लागला तर रागावू नका. तू बाबांकडे वळलास आणि विचारलंस,

"कुठल्या जागेवर खेळायचात, काका?"

एवढंच. बाकी तू आमच्यासाठी पुष्कळ केलंस, त्याची यादी करत बसत नाही. माझ्या मनात घर केलंय ते या प्रश्नाने. किती दिसतं ते तू विचारलंच नाहीस. राखीव खेळाडूला मैदानात बोलावल्यावर तो कसा दिसेल, तसे बाबा खुर्चीतच ताठ झाले. "लेफ्ट हाफ," म्हणाले, म्हणजे मधल्या फळीत डावीकडे. कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात ती जुनी मिजास ऐकली मी. आणि तू म्हणालास, "मग तुमच्या पुढे डाव्या कडेला आपला बिपिन. चला, तिथूनच बघू."

आणि खरंच तू पूर्ण सामना लेफ्ट हाफच्या जागेवरून सांगितलास! चेंडू कुठे आहे ते तू सांगतच नव्हतास, तो बाबा शोधत होते. तू सांगत होतास चेंडू नसलेलं मैदान. "काका, तुमच्या मागे आकाश मिश्रा एकटा आहे, तुम्ही वर जाऊ नका." "बिपिन खाली येतोय तुम्हाला मदतीला, जागा द्या." "त्यांचे दोन्ही बॅक एकदम वर चढलेत, चेंडू हिसकला तर मागे सगळं रान मोकळं." बाबा मध्येच हात वर करून विचारायचे, "दोन ओळींत अंतर किती?" म्हणजे आपली मधली फळी आणि बचावफळी यांच्यात. तू डोळ्यांनी मोजून सांगायचास. मी इतकी वर्षं सामने बघतेय, दोन्ही डोळे धड आहेत, आणि दोन ओळींतलं अंतर हा बघायचा विषय असतो हे मला त्या रात्री कळलं.

रियाधला आधीच्या सामन्यात आपण सहा खाल्ले होते, त्यांच्या मित्रोविचचे त्यात तीन. म्हणून आपले प्रशिक्षक बकिंगहॅम यांच्या संघाने त्या रात्री आपला नेहमीचा, पुढे जाऊन दबाव टाकायचा खेळ आवरून घेतला होता. चेंडू त्यांच्याकडे, जागा आपल्याकडे. अशा सामन्याला माझ्यासारखे प्रेक्षक कंटाळतात. बाबा मात्र खुलले. "हाफचं खरं काम हे," असं मांडीवर थाप मारत सांगत होते. पहिला हाफ कोरा गेला. नंतर त्यांच्या मायकेलने आणि शेवटाकडे मित्रोविचने गोल केला, ०-२ हरलो. पण परतीच्या गाडीत तुम्ही दोघं असे भांडत होतात की समोरच्या बाईंनी मला विचारलं, "सख्खे का?"

ते भांडण अजून मिटलेलं नाही, हे या पत्रात नोंदवून ठेवते. बाबांचा देव अहमद जाहू. प्रशिक्षक लोबेराच्या २०२०-२१च्या मुंबई संघात तो दोन सेंटर बॅकच्या मध्ये खाली उतरायचा, तिथून मैदानाचा नकाशा डोक्यात असल्यासारखे लांब पास काढायचा, आणि त्यामुळे दोन्ही बॅकना बिनधास्त वर जाता यायचं. तो सगळा हंगाम रिकाम्या मैदानांवर गोव्यात झाला, बाबांनी टीव्हीला नाक लावून पाहिला. मुंबई आणि मोहन बागान दोघांचेही ४० गुण, शेवटच्या साखळी सामन्यात फाल आणि ओगबेचेच्या गोलांनी साखळीत पहिला येणाऱ्याची शील्ड आपण नेली, आणि १३ मार्च २०२१च्या अंतिम सामन्यात ९०व्या मिनिटाला बिपिनने चषकही आणला. तुझं म्हणणं असं की जाहू थोर खरा, पण त्याच्यामागे धावून निस्तरायला दुसरे लागायचे. नंतर आलेला मधल्या फळीतला अपुया मात्र चेंडू हिसकावतो, देतो आणि पुढच्या माणसाच्या आधी पुढे पोचतो. बाबा म्हणतात, धावावं लागलं म्हणजे आधी बघितलं नाही. मला विचाराल तर अपुयाकडे कल आहे माझा, पण घरात शांतता हवी म्हणून बोलत नाही.

त्यानंतर तुझे व्हॉट्सअॅपवरचे बोलके निरोप सुरू झाले. सामन्याच्या आधी कोण कुठे उभा राहणार ते, आणि मध्यंतरात कुठे काय बिनसलंय ते. कधीही "काळजी घ्या काका" नाही, कधीही "देव बरं करेल" नाही. बकिंगहॅम गेले, क्रात्की आले, त्यांनी काय बदललं यावर तर तू एवढं बोललास की मध्ये टर्फवरची तुझी पोरं शिट्ट्या मारून तुला हाका घालत होती.

एप्रिल २०२४मध्ये कोलकात्यात सॉल्ट लेकच्या मैदानावर मोहन बागानशी नुसती बरोबरी पुरली असती, तिथे २-१ हरून शील्ड घालवली. बाबा रुसले. गोव्याच्या उपांत्य सामन्यात नव्वद मिनिटं होत आली तरी आपण दोन गोलांनी मागे, तेव्हा ते सरळ उठून पलंगावर गेले. तुझा निरोप आला, "काका, झोपू नका, गोवा मागे सरकतंय, छांगतेला आत यायला जागा मिळतेय." उजव्या बाजूने खेळणारा डावखुरा, आत वळला की फटका त्याच्या हक्काचा. पुढच्या काही मिनिटांत छांगतेचे दोन आणि विक्रम प्रतापचा एक, ३-२! वर्तकनगरच्या आमच्या मजल्यावर दिवे लागले. खालच्या आजींना वाटलं, बाबांना काही झालं.

आणि ४ मेचा अंतिम सामना. तेच सॉल्ट लेक, तेच मोहन बागान, पुन्हा आधी त्यांचाच गोल. त्या रात्री तू फोनच लावून ठेवलास, आणि फोन बाबांच्या कानाला. टीव्हीचा आवाज बंद. परेरा दियाझने बरोबरी केली. ८१व्या मिनिटाला तू काही बोलायच्या आधीच बाबा ओरडले, "बिपिन आहे ना तो? माझ्या पुढचा!" व्होइटुशने तिसरा घातला तेव्हा तर तुमच्यापैकी कोण काय बोलतंय हेच कळत नव्हतं.

ठाणे स्टेशनवर रोज बघते मी, मदत करणारे कमी नाहीत. काठी दिसली की कोपराला धरून डब्यात ढकलणारे दहा. त्यांच्या मनात वाईट नसतं, पण "काका, कुठे जायचंय?" एवढं आधी विचारत नाहीत. वाशीच्या बाजारात पाठीवर गोणी वाहणाऱ्या माथाडी बापाचा तू मुलगा. हे तू एकदा गाडीत सहज बोललास: "आमचे अण्णा कुणाचं ओझं उचलण्याआधी विचारतात, कुठून धरू." तुला ही रीत कुठून आली ते तेव्हा समजलं. अण्णांना माझा नमस्कार सांग. त्यांची माझी भेट नाही, पण आभारांतला मोठा वाटा त्यांचा आहे.

तू ज्या पोरांना शिकवतोस त्यांच्या आईबापांनी हे वाचलं तर त्यांना एक सांगायचंय. तुमचं पोर स्पर्धेत किती गोल मारतं ते मला ठाऊक नाही. पण त्याचा सर कसा माणूस आहे ते मी बघितलंय. फी वेळेवर भरा.

आता बाबांचा मजकूर. त्यांनी सांगितला तसाच उतरवते, माझा त्यात हात नाही:

"मार्च २०२५ला बंगळुरूने आपल्याला पाच घातले त्याचं खापर तू बॅकच्या माथी मारलंस. मला मान्य नाही. अपुया मोहन बागानला गेला तेव्हाच मधली खोली उघडी झाली होती. व्हॅन नीफ चेंडू पायात घेऊन खेळणारा, त्याच्या शेजारी धावणारा हवा. हाफ नसेल तर बॅकने दोघांना कसं धरायचं? आणि बिपिनला ईस्ट बंगालला जाऊ दिलं, ते वेगळंच. माझ्या पुढे आता कोण? रविवारी घरी ये. मटण आहे. येताना अण्णांना आण आणि उत्तर तयार ठेव. जाहूबद्दल तू मागे जे बोललास ते मी विसरलेलो नाही."

तुझी,
ठाण्याची ताई