बोरनहाणाआधी मनूला पत्र

नौपाडा, ठाणे
डिसेंबर २०२५

चि. सौ. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही खारघरला सुखरूप पोचलात हे अनिकेतच्या फोनवरून कळलं. चिऊ ऐरोलीपर्यंत रडली आणि मग झोपली, हेही त्यानेच सांगितलं. तू फोनवर आली नाहीस. दमली असशील. निघताना भालूवरून, म्हणजे घरात कुत्रा असताना चिऊला जपण्यावरून, आपलं जे बोलणं झालं त्यावर आता काही म्हणायचं नाही, असं ठरवूनच लिहायला बसलो आहे. बोरनहाण तुमच्याकडे व्हावं असं तुला वाटतं, विहीणबाईंनाही वाटतं. त्यात गैर काही नाही. आईच्या मनात इथे करायचं होतं, पण ती तुझ्यापुढे ते बोलणार नाही.

डिंकाचे लाडू डब्यातच ठेव, फ्रीजमध्ये नको. चिऊच्या पुढच्या लसीची तारीख आईने कार्डावर पेन्सिलीने लिहिली आहे, ती बघून घे. स्वतः वेळेवर जेव. एवढं झालं की तुझ्याबद्दल मला काळजी नाही.

भालूने तिला कसं घेतलं ते मात्र सविस्तर कळव. तिच्या वासाची त्याला आधीच सवय व्हावी म्हणून अनिकेत दर आठवड्याला इथून चिऊचं वापरलेलं दुपटं घेऊन जायचा, तेव्हा आई म्हणायची, हे काय नवीन. मला फार बरं वाटायचं. मी सांगण्याआधीच तुम्ही दोघांनी हे ठरवलं होतंत. तो दुपट्याशेजारी झोपतो, पण त्याला तोंड लावत नाही, हे ऐकून मी आईला म्हटलं, जनावर खानदानी आहे.

ते आहेच. नोकरीत मी माणदेशात मेंढरांमागची कुत्री पाहिली, पण हिमाचलातल्या मेंढपाळांचा राखणीचा कुत्रा, गद्दी, कधी पाहिला नव्हता. तू पालमपूरहून फोटो पाठवलास, हिवाळ्यात खाली उतरलेल्या कळपातलं अडीच महिन्यांचं काळं पिल्लू, आणि सोबत त्या मेंढपाळाने दिलेला खिळ्यांचा लोखंडी पट्टा. तो पट्टा तू घरी आणलास तेव्हा मी हातात घेऊन पाहिला होता. एका बाजूचे दोन खिळे वाकलेले आणि आतल्या चामड्याला मेंढीच्या लोकरीचा वास. बिबट्या गळा धरतो म्हणून तो पट्टा. म्हणजे या कुत्र्याच्या कितीतरी पिढ्या बिबट्यासमोर उभ्या राहिल्या आहेत. यंदा जानेवारीत कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने गद्दी कुत्र्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, ती बातमी मी कापून ठेवली आहे. इतर कुत्र्यांशी संकर होत होत अस्सल गद्दी कमी होत चालला आहे. आपल्या घरात तो नांदतो आहे याचा मला अभिमान वाटतो, आणि तू त्याला असा वाढवलास याचा त्याहून जास्त. मागे तुम्ही त्याला इथे आणलं होतं तेव्हा पहाटे मी त्याला उपवनला फिरायला नेलं. तळ्याच्या कडेला तो एकाएकी थांबला, मानेपासून शेपटीपर्यंत केस उभे राहिले, आणि येऊरच्या डोंगराकडे बघत राहिला. भुंकला नाही. मला तिथे काही दिसलं नाही, तरी मी दोरी दोन्ही हातांनी धरून मागे फिरलो.

आता ज्यावर लिहायचं नाही म्हटलं होतं तेच लिहितो आहे. रागावू नकोस.

भालू चिऊला काही करेल अशी मला भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती चिऊला बघायला येणाऱ्या माणसांची. बाळंतीण घरी आली म्हटल्यावर माणसं येणारच. बेल वाजणार, चार बायका आत येणार, हात धुतले की कोणीतरी चिऊला उचलणार. नवीन हात लागला की ती रडते, हे आपण तीन महिने पाहतोय. तुझ्या दृष्टीने ती काकू आहे. भालूच्या दृष्टीने एक परकं माणूस आत आलं, त्याने घरातला सगळ्यात लहान जीव उचलला आणि तो जीव ओरडला.

तुला आठवतं का? तू सहा वर्षांची असशील. म्हसवडजवळ पडीक रानात धनगरांचा वाडा उतरला होता. मी मेंढ्यांना लस टोचत होतो आणि तू वाघरीच्या, मेंढ्यांभोवती लावलेल्या जाळीच्या, कडेने फिरत होतीस. तू एक कोकरू उचललंस. ते बें करून ओरडलं. कुठून आला कळलं नाही, पण मातकट रंगाचा एक कुत्रा तुझ्यासमोर येऊन उभा राहिला. भुंकणं नाही, दात दाखवणं नाही. फक्त मान खाली आणि डोळे तुझ्या हातावर. मी दहा पावलांवर होतो, हातात सिरिंज, आणि माझे पाय हलेनात. चुलीपाशी बसलेली म्हातारी जागची उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "पोरी, कोकरू खाली ठिव. तू ठिवलंस की त्यो जाईल." तू ठेवलंस. त्याने कोकराला शेपटीकडून हुंगलं आणि तो निघून गेला. तू हसत माझ्याकडे आलीस. ती रात्र मी झोपलो नाही, आणि तुझ्या आईला हे पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं.

तिथे ती म्हातारी होती. कुत्रा काय म्हणतोय हे तिला कळत होतं. खारघरच्या हॉलमध्ये तू स्वयंपाकघरात चहा टाकत असशील, तेव्हा कोण असेल?

तू म्हणालीस, "बाबा, तो घरचा आहे, त्याने आजवर कुणाला नख लावलेलं नाही." खरं आहे. पण तो आता कुठे दोन वर्षांचा होतोय. राखणीची जात सावकाश मोठी होते. अंगाने आधी भरते, पण राखणीची खरी जाण दीड-दोन वर्षांनंतर येते. आणि नेमकी आता, याच महिन्यात, घरात चिऊ आली. आजवरचा भालू आणि यापुढचा भालू सारखाच असेल असं धरून चालू नकोस, एवढंच मला म्हणायचं आहे.

अमेरिकेत रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या जोडप्याने १९७० च्या दशकापासून अशा कुत्र्यांचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं होतं, पिल्लू पहिल्या तीन-चार महिन्यांत ज्यांच्यात वाढतं त्यांना ते आपलं मानतं. म्हणून मेंढपाळ पिल्लाला कोकरांतच ठेवतात. मग पुढे त्याला मेंढ्या राखायला शिकवावं लागत नाही. ऑस्ट्रेलियात वॉर्नाम्बूलजवळच्या मिडल आयलंडवर कोल्ह्यांनी पेंग्विन मारून शेकड्यांवरून दहाच्या आत आणले होते. २००६ पासून तिथे मारेम्मा जातीची मेंढराची कुत्री ठेवली आणि पेंग्विन वाढू लागले. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू म्हणाली होतीस, मग आमचा भालू आम्हाला राखेल. राखेलच. शंका तीच तर नाही. कोणापासून राखायचं हे तो कोणाला विचारत नाही, ही माझी शंका आहे. डोंगरात रात्री मेंढपाळ झोपलेला असतो, कुत्र्याने स्वतःच ठरवायचं असतं. शेकडो वर्षं माणसाने त्याला त्यासाठीच निवडलं. त्याला 'बस' म्हटलं की बसतो, मान्य, पण तेव्हा त्याच्या समोर ठरवण्यासारखं काही नसतं.

लेक्चर झालं. तुला लहानपणापासून हे आवडत नाही, ठाऊक आहे. तुझं शिक्षण माझ्यापेक्षा जास्त आहे आणि भालूला तू माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. माफ कर, पण आणखी थोडं वाच.

त्याने गुरगुर केली तर त्याला मारू नका, ओरडू नका. गुरगुरणं म्हणजे तो आधी सांगतो आहे. सांगायची सोय बंद केली तर तो न सांगता चावेल. अनिकेत मऊ स्वभावाचा आहे, तो ओरडायचा नाही, पण पाहुण्यांपुढे लाज वाटून माणूस वेडंवाकडं करतो. बेल वाजली की दार उघडण्याआधी भालू आतल्या खोलीत जायला हवा. चिऊला कुणी उचलणार असेल तर तेव्हाही. चिऊ आणि भालू दोघंच एका खोलीत नकोत, पाच मिनिटंही नाही. रात्री दोनला तो भुंकेल आणि चिऊ उठेल, तेव्हा त्याच्यावर चिडू नका. रात्री जागं राहणं हेच त्याचं काम होतं. गोचीड रोज बघ, रेबीजची आणि लेप्टोची लस चुकवू नका. उन्हाळ्यात केस भादरू नका. ते दुहेरी केस उन्हापासूनही आड करतात. भादरलं की कातडी भाजते.

कामाच्या मावशींना त्याने स्वीकारलंय, पण त्या सुट्टीवर गेल्या आणि बदलीची बाई आली तर ती त्याच्यासाठी परकीच.

सोसायटीच्या सभेत तू उभी राहून बोललीस ते अनिकेतने मला सांगितलं होतं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदी घालणारं पत्रक काढलं, कांगल, अकबाश, टॉर्न्याक ही मेंढराचीच कुत्री त्यात होती, आणि तुमच्या ग्रुपवर कोणीतरी ते टाकून भालूवर बोट दाखवलं. तू शांतपणे सांगितलंस की गद्दीचं नाव त्यात नाही, आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केलं तेही वाचून दाखवलंस. भुंकतो म्हणून कुत्रं काढायला लावता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रकही काढून ठेवलंस. मी हे इथे ओळखीच्या प्रत्येकाला सांगितलं आहे. पण मनू, ज्यांनी तेव्हा बोट दाखवलं त्यांचीच मुलं बोरनहाणाला येणार आहेत.

आणि बोरनहाण म्हणजे काय गं? चिऊ तुझ्या मांडीवर, काळं झबलं, हलव्याचे दागिने. तिच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या ओतायच्या आणि दहा-पंधरा मुलांनी आरडाओरडा करत तिच्या अंगावर झेपावायचं. तुझ्या बोरनहाणाला शेजारच्या मुलाने तुझ्या गळ्यातला हलव्याचा हारच ओढला होता, तू किंचाळून रडलीस आणि सगळे हसले. तेव्हा घरात कुत्रा नव्हता. भालू बंद दाराआड असला तरी चिऊचं रडणं त्याला ऐकू जाईल, आणि ४० किलोचं जनावर मनात आणलं तर फ्लॅटचं आतलं दार किती वेळ धरेल?

म्हणून मी परत एकदा विचारतो, आणि हे शेवटचं. बोरनहाण तुमच्याच घरी करा. त्या दिवशी भालूला मी सकाळीच ठाण्याला घेऊन येतो. मला तो ओळखतो, माझ्या हातून खातो. रात्रीपर्यंत इथे गच्चीवर राहील, दुसऱ्या दिवशी सोडून जाईन. चिऊचं बोरनहाण बघायला मिळालं नाही तर चालेल मला, फोटो काढा. रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, तेव्हा दिवस तुमच्या सोयीचा ठरवा.

हे तुला पटलं नाही तरी दुसरी गोष्ट मी करून टाकली आहे, तुला न विचारता. हॉल आणि आतल्या पॅसेजच्या मध्ये लाकडी फाटक बसवायचं सुताराला सांगितलं आहे. रविवारी सकाळी दहाला तो माप घ्यायला येईल. माझ्या छातीएवढं उंच आणि कडी हॉलच्या बाजूने, असं बजावलं आहे. गजांमध्ये चिऊचं डोकं अडकणार नाही एवढं अंतर ठेवायचं, तेही सांगितलंय. अनिकेतला घरी थांबायला सांग आणि पैसे देऊ नका, ते मी दिले आहेत.

विहीणबाईंना नमस्कार. अनिकेतला आणि चिऊला आशीर्वाद.

तुझा,
बाबा

ता. क. हलव्याचे दागिने विकतचे आणू नकोस. आईने परवाच साखरेचा पाक करून हलवा काढायला घेतला आहे. चिऊच्या मनगटाचं माप दोऱ्याने घेऊन त्याचा फोटो पाठव.