विषयनिवडीच्या अर्जामागे या ओळी छापा

महोदय,

घोडबंदर रोड, ऐरोली, खारघर भागातल्या आंतरराष्ट्रीय शाळा नववीच्या तोंडावर आणि पुन्हा अकरावीला पालकांकडून विषयनिवडीचा अर्ज भरून घेतात. त्यावर विषयांची नावे असतात. कोणत्या निवडीने पुढची कोणती वाट बंद होते, ते नसते.

केंब्रिजच्या आयजीसीएसईत (नववी-दहावीचा अभ्यासक्रम) गणिताचे कोअर (सोपा) आणि एक्स्टेंडेड (वरचा) असे दोन स्तर आहेत. कोअरचा पेपर पूर्ण बरोबर सोडवला तरी ग्रेड 'सी'च्या वर जात नाही. 'झेपत नाही ना, मग कोअर घ्या' असे सुचवताना ही अट सांगायलाच हवी. अकरावीला एचएससीकडे वळायचे असेल तर परीक्षेचे सत्रही बघा. मार्च सत्राचा निकाल मेमध्ये लागतो, मे-जूनचा थेट ऑगस्टमध्ये. तोवर अकरावीच्या प्रवेशफेऱ्या बऱ्याच पुढे सरकलेल्या असतात. मार्चला सगळे विषय मिळत नाहीत, हेही आधीच तपासावे.

सर्वांत मोठी फसगत आयबी डिप्लोमात, म्हणजे अकरावी-बारावीच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात, होते. दोन भाषा, एक सामाजिक शास्त्र, एक विज्ञान, गणित, आणि सहावा विषय कलेचा किंवा आधीच्याच एखाद्या गटातला. या चौकटीत फिजिक्स-केमिस्ट्री बसते. बायोलॉजीला जागा उरत नाही, आणि नीटला तर तिन्ही लागतात. तिसऱ्या विज्ञानासाठी शाळेमार्फत आयबीकडे वेगळी परवानगी मागावी लागते, तीही वर्ग सुरू होण्याआधी. गणितातही दोन अभ्यासक्रम आहेत. इंजिनीअरिंगला जाणाऱ्याने 'ॲनालिसिस अँड ॲप्रोचेस' घ्यावे, जमल्यास हायर लेव्हलला, म्हणजे वरच्या स्तरावर. हायर लेव्हलला २४० तास शिकवायचे असते, स्टँडर्डला १५०. उशिरा स्तर बदलणाऱ्या मुलाला हे ९० तास कुठून आणायचे?

शिवाय तारखा. २०२३पासून नीट मेच्या पहिल्या रविवारी होते, ऐन डिप्लोमाच्या पेपरांत. जेईई मेनचे पहिले सत्र जानेवारीत, आणि त्याच सुमारास ४००० शब्दांचा एक्स्टेंडेड एसे (संशोधन-निबंध), गणिताचे एक्स्प्लोरेशन (प्रकल्प), विज्ञानाचे अहवाल डोक्यावर. गणित आणि विज्ञानात या अंतर्गत कामाला २० टक्के गुण आहेत. क्लासच्या धावपळीत ते उरकून टाकणे मुलांना फार महागात पडते.

शाळांनी एवढे तरी अर्जाच्या मागच्या बाजूला मराठीत आणि इंग्रजीत छापावे, आणि सहीपूर्वी अर्ज दोन आठवडे घरी राहू द्यावा.

– एक शिक्षक, वाशी, नवी मुंबई