कियुरीबाई, आमचं नाव घेतलंत म्हणून

मारिया ग्राझिया कियुरी यांस,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी मुंबईत आरीचं, म्हणजे आकड्याच्या सुईचं, आणि जरदोसीचं, म्हणजे सोनेरी-रुपेरी तारेचं, भरतकाम करते, आता काही वर्षं बायकांना शिकवतेही. शिकवणारीला आम्ही बाई म्हणतो, म्हणून या पत्रात तुम्हाला कियुरीबाई म्हणते. गोड मानून घ्या.

29 मे 2025 ला तुम्ही डिओर हे पॅरिसचं फॅशन घराणं सोडत असल्याचं जाहीर झालं. दोनच दिवस आधी रोममध्ये, तुमच्या स्वतःच्या गावात, व्हिला अल्बानीच्या बागेत तुमचा शेवटचा शो झाला होता. पाहुण्या बायकांना पांढऱ्या कपड्यांत यायला सांगितलं होतं, आणि ऐन शोच्या वेळी पाऊस आला. पुढे जे व्हायचं तेच झालं. तुमच्या जागी कोण, याची चर्चा, चार दिवसांत जोनाथन अँडरसन यांचं नाव, मग त्यांच्या पहिल्या शोची उत्सुकता. ऑक्टोबरात तुम्ही फेंडी या रोमच्या फॅशन घराण्याकडे परत गेल्याची बातमी आली, जिथे 1989 मध्ये तुम्ही कामाला लागला होतात. तुमच्या डिओरमधल्या नऊ वर्षांचा हिशेब लोकांनी विक्रीत मांडला, पिशव्या आणि टी-शर्टांत मांडला. त्या नऊ वर्षांनी माझं आणि माझ्यासारख्या पुष्कळ जणींचं भलं केलं, हे मात्र कुणी मांडलेलं मला दिसलं नाही. ते तुम्हाला इथून कुणीतरी कळवायला हवं.

आधी आमची परिस्थिती काय होती ते सांगते.

पॅरिस आणि मिलानच्या बड्या फॅशन घराण्यांचं कितीतरी भरतकाम मुंबईत होतं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक होतं. धंद्याबाहेर ते फारसं कुणाच्या गावीही नव्हतं. मी सुरुवातीला एका निर्यातदाराकडे काम करायचे. तिथे नमुना यायचा तो नुसता नंबर घालून. कुणासाठी आहे विचारायचं नाही, फोटो काढायचा नाही, बाहेर बोलायचं नाही. काम पास झालं की डबे भरून जायचं आणि तिथे आमचा संबंध संपायचा.

आणि काम कसलं, तर असलं: अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, कापड ताणून बांधायचं, इतकं की बोटानं टिचकी मारली तर वाजलं पाहिजे. मग खाका. बटर पेपरवर नक्षी काढून तिच्या रेषांवर सुईनं बारीक भोकं पाडलेली असतात. त्यावरून रॉकेलमध्ये कालवलेली पूड फिरवली की खाली कापडावर ठिपक्याठिपक्यांनी नक्षी उतरते. मग उजव्या हातातली आरी वरून कापडात घालायची, डाव्या हातानं कापडाखाली धरलेला धागा तिच्या आकड्यात अडकवायचा, आरी किंचित फिरवायची आणि फास वर ओढून घ्यायचा. खालचा हात काम करणाऱ्याला दिसत नाही, सगळं बोटांच्या सवयीवर चालतं. आरी जरा जास्त फिरली की धागा तुटतो, कमी फिरली की फास आकड्यातून सुटतो. ही सवय लागायला माणसाची उमेदीची वर्षं जातात.

एकदा एका मासिकात परदेशातल्या शोचा फोटो बघताना जॅकेटच्या बाहीवर मला आमचं पान दिसलं. देठापाशी दबका, म्हणजे पिळाची बारीक तार, आडवा घालून वळवायची आमच्या उस्तादांची एक रीत होती, शंभरांत ओळखू येईल अशी. सोबतच्या मजकुरात पॅरिसच्या कारागिरीचं भरभरून कौतुक होतं. मी तो अंक उस्तादांना नेऊन दाखवला. त्यांनी पान ओळखलं, बोटानं देठ दाखवला आणि म्हणाले, "अपना ही है." राग नव्हता त्यात. त्यांना याची सवय झालेली होती, आणि मला सगळ्यात जास्त टोचलं ते तेच.

काम करणाऱ्यांचं नाव न घेण्याची ही रीत तुम्ही मोडलीत.

चाणक्य इंटरनॅशनल हे मुंबईतलं भरतकामाचं मोठं घर, आणि त्यांच्याशी तुमचं नातं डिओरच्या कितीतरी आधीचं. पण 2016 मध्ये तुम्ही डिओरच्या प्रमुख झालात आणि तुमच्या शब्दाला वजन आलं. 1947 च्या पहिल्या शोपासून त्या जागेवर ख्रिस्तियान डिओर, साँ लोराँ, बोहाँ, फेरे, गॅलियानो, सिमन्स, सगळे पुरुषच. बायकांचे कपडे करणारं घराणं, आणि जवळजवळ सत्तर वर्षं तिथे प्रमुखपदी एकही बाई नाही! तुम्ही पहिल्या. पहिल्याच शोमध्ये स्त्रीवादाचं वाक्य छापलेला टी-शर्ट आणलात, त्याचा गाजावाजा जगभर झाला. मला स्वतःला मात्र त्याहून मोठं वाटतं ते 2020 च्या जानेवारीतलं काम.

पॅरिसच्या रोदँ संग्रहालयाच्या बागेत जूडी शिकागो या अमेरिकन चित्रकर्तीनं देवीच्या देहाच्या आकाराचा प्रचंड मंडप उभा केला होता. त्या मंडपात तुमचा कुत्यूरचा, म्हणजे हातानं घडवलेल्या उंची कपड्यांचा, शो झाला. आत इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये प्रश्न भरलेले झेंडे टांगले होते. सगळ्यात मोठ्या झेंड्यावर प्रश्न होता, जगावर बायकांचं राज्य असतं तर? हे झेंडे मुंबईत चाणक्यच्या कलाशाळेत शिकणाऱ्या बायकांनी भरलेले होते, आणि हे तुम्ही त्याच वेळी, त्याच ठिकाणी सांगितलंत. कुणी शोधून काढावं लागलं नाही.

परदेशातल्या वाचकाला यात काय विशेष ते कदाचित कळणार नाही. आमच्याकडे घरोघरी भरतकाम बायकांनी केलं, पण जरदोसी आणि आरीचा धंदा पुरुषांचा. कारखान्यात अड्ड्याभोवती बसलेले उस्ताद आणि कारागीर पुरुष. बायकांच्या वाट्याला घरी बसून टिकल्या लावणं, मणी लावणं, नगावर पैसे मिळतील असं सुटं काम. अड्ड्यावर बसून नक्षी पहिल्यापासून शेवटपर्यंत पेलणं हे बाईनं करायचं नाही, असा कायदा कुठेच नव्हता, पण कुणी शिकवतही नव्हतं. मला शिकवणारे उस्ताद भेटले हे माझं नशीब. ज्या शाळेत बायकांना हे पद्धतशीर शिकवतात, त्या शाळेच्या विद्यार्थिनींचं काम तुम्ही पॅरिसच्या सगळ्यात प्रतिष्ठेच्या शोमध्ये टांगलंत.

मग तुम्ही थांबलाच नाहीत. 2022 मध्ये माधवी आणि मनू पारेख या पतिपत्नींची चित्रं मुंबईच्या हातांनी कापडावर उतरली आणि शोच्या भिंती त्यांनी भरून गेल्या. 2025 च्या जानेवारीत मुंबईच्या रितिका मर्चंट यांची चित्रं तशीच भिंतभर. दर वेळी चित्रकाराचं नाव होतं आणि भरणाऱ्यांच्या संस्थेचंही. भारताबाहेरही तुम्ही हेच केलंत. इटलीतल्या पुलियाची लेस, मेक्सिकोचं विणकाम, स्कॉटलंडचं ट्वीड. जिथे गेलात तिथल्या कारागिरांना पुढे केलंत.

आणि 30 मार्च 2023. गेटवे ऑफ इंडिया.

त्या संध्याकाळी आमच्या कामाच्या खोलीत आम्ही सगळ्या जणी एका फोनभोवती दाटीवाटीनं बसलो होतो. गेटवेसमोर तोरण! सणाला, लग्नाला दाराला बांधतो ते, पण कमानीला शोभेल एवढं भव्य आणि नखशिखांत भरलेलं. मॉडेल कमानीतून चालत येत होत्या, आणि आमच्या खोलीत कुणाचंही त्यांच्या चेहऱ्यांकडे लक्ष नव्हतं. "थांबव, थांबव, ते आरसे बघू दे." "हा कांथा आहे का गं?" "अगं, ती झालर बघ." पुढे कितीतरी दिवस त्या शोचे फोटो मोठे करून बघणं हा आमचा अभ्यास होता. तो कपड्यांचा शो होता हे खरं, पण त्या दिवशी मुंबईचं भरतकाम जगानं मुंबईतच येऊन पाहिलं, आणि ते कुठून येतं हे सांगायला कुणालाही संकोच वाटला नाही.

यानं माझं काय भलं झालं, ते सरळ सांगते. पूर्वी शिकायला येणाऱ्या मुलीच्या घरचे विचारायचे, हे शिकून काय करणार, ब्लाउजला मणी लावणार? आता आई-वडील स्वतः येऊन चौकशी करतात, वर्ग किती वेळचा, अड्ड्यावर कधी बसवणार. एका मुलीच्या सासऱ्यांनी गेटवेचा तो व्हिडिओ नातेवाइकांना पाठवला होता, आमची सून हेच काम करते म्हणून. गिऱ्हाइकाशी दर ठरवताना मला पूर्वी आधी ही कला आहे हे पटवावं लागायचं, मग पैशाचं बोलणं. आता पहिला भाग गाळता येतो. कारखान्यात नोकरी करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीनं तर परवा तिच्या मालकाला सांगितलं, नमुन्यावर काम करणाऱ्यांची नावं लिहून ठेवा, उद्या कुणी विचारेल. हे म्हणायची हिंमत तिला कुठून आली ते मला माहीत आहे.

तुमच्या कपड्यांवर टीका पुष्कळ झाली. फार साधे आहेत, धक्का देत नाहीत, बाजारात खपतील असेच आहेत, असं कितीतरी समीक्षकांनी लिहिलं. मी समीक्षक नाही, पण टाका मला कळतो, आणि मला ती टीका अर्धवट वाटते. डिओरचं ते प्रसिद्ध बार जॅकेट, कंबर आवळणारं, तुम्ही सैल केलंत, की घालणारीला श्वास घेता यावा. यात धक्का नसेल, पण अंग आहे, बाईचं खरंखुरं अंग. तुमच्या आई शिवणकाम करायच्या असं मी वाचलं, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. शिवणाऱ्या बाईच्या घरात वाढलेल्या मुलीला कपडा उलटा करून बघायची सवय असते. तुम्ही तुमचं सगळं घराणं उलटं करून बघितलंत, की आतली शिवण कुणाची आहे. निरोपाच्या निवेदनातही तुम्ही तुमच्या सहकाऱ्यांचे आणि अटेलिएतल्या, म्हणजे शिवणकामाच्या खोल्यांतल्या, माणसांचे आभार मानलेत.

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही, आणि तुम्हालाही ते आवडणार नाही. पॅरिसच्या दुकानातली किंमत आणि अड्ड्यावरची मजुरी यांतलं अंतर अजून तेवढंच दांडगं आहे. नाव न सांगता काम करून घेणारे आजही आहेत. आरीवर वाकून वाकून मान आणि डोळे जातात, त्याची तरतूद फार थोड्या ठिकाणी आहे. हे तुमच्या एकटीच्या हातात नव्हतं. पण आपलं काम कुठल्या अंगावर जातं हे विचारायला आम्ही लागलो, आणि मजुरीचं बोलणं तिथूनच सुरू होतं.

आता तुम्ही फेंडीत आहात, म्हणून आभाराच्या पत्रात एक मागणंही करते. तुम्ही आमच्या शहराचं नाव घेतलंत, संस्थेचं घेतलंत. यापुढे मुंबईत काही भरून घ्याल तेव्हा शोच्या पत्रकात कारागिरांचीही नावं छापा. खाका कुणी टोचला, जरदोसी कुणी केली, कड कुणी भरली. यादी लांब होईल, होऊ दे. सिनेमाच्या शेवटी स्पॉटबॉयचंही नाव येतं. आमचे उस्ताद आता थकले आहेत, अड्ड्यावर फार वेळ बसवत नाही, पण त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं तुमच्यासारख्यांच्या कामावर आजही बसलेली आहेत. त्यांतल्या एखाद्याचं नाव छापून आलेलं त्यांनी बघावं, असं मला फार वाटतं.

मनापासून आभार, बाई.

आपली,
मुंबईची एक भरतकाम करणारी