बाई, तुम्ही मागच्या बाकावर बसलात म्हणून

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

त्या दिवशी माझा इंग्रजीचा तास संपल्यावर तुम्ही एकही चूक काढली नाहीत, फक्त हातातला कागद पुढे केलात. ४० मिनिटांपैकी ३१ मिनिटं मीच बोलले होते. प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबायचे आणि उत्तरही मीच देऊन टाकायचे. "मनात तीनपर्यंत मोजत जा," एवढंच म्हणालात. ते तीन आकडे सुरुवातीला फार जड गेले. पण तेवढ्या शांततेत हात वर यायला लागले, आणि एका शब्दाच्या जागी अख्खी वाक्यं.

मग तुम्ही स्वतः काढलेली चित्रांची जोडी दिलीत. दोन्ही चित्रं जवळपास सारखी, फरक फक्त सहा. दोघांच्या मध्ये वही उभी करायची, डोकवायचं नाही, इंग्रजीत विचारूनच फरक शोधायचे. 'टेबलाखाली' म्हणताना आपण टेबल आधी म्हणतो, इंग्रजीत 'अंडर' आधी येतं, हे मी फळ्यावर कितीदा समजावलं होतं! इथे 'ऑन' आणि 'अंडर'ची गल्लत झाली की फरकच सापडत नाही. मग मुलंच एकमेकांना अडवतात, पुन्हा विचारतात. असं खरं कारण असलं की बोलणं आपोआप येतं, हे मला तिथे कळलं.

गोंगाटाची मला भीती होती. पण ५० मुलांना एकेक करून उभं केलं तर कोणाच्याच वाट्याला मिनिटभरही येत नाही; जोड्या केल्या की दहा मिनिटांत प्रत्येकाला चार-पाच मिनिटं मिळतात. मुलं अडली की मराठीत शिरायची, म्हणून 'से इट अगेन, प्लीज' आणि 'हाउ डू यू से धिस?' ही वाक्यं आधीच फळ्यावर लिहायला तुम्हीच सांगितलंत. बोलताना टोकायचं नाही, चुका टिपून ठेवायच्या आणि शेवटी नाव न घेता फळ्यावर घ्यायच्या, हेही तुमचंच.

वर्षभर हजेरीलाही मान हलवणारी एक मुलगी आहे. परवा ती वहीच्या आडून जोडीदाराला ठणकावून म्हणाली, "नो, नो! लिसन टू मी!"

तुमची चित्रं हाताळून विरली आहेत. मी नवी काढली, मूळ जोडी कपाटात जपून ठेवली आहे. पुन्हा एकदा मागच्या बाकावर येऊन बसाल ना?

तुमची,
शेजारच्या वर्गातली