फोटो बघून घाबरू नका

रेकयाविक, आइसलँड, १६ जुलै

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. हे आधी लिहिते, कारण दादाने तो फोटो दाखवल्यापासून आईचे सहा मिस्ड कॉल आले आहेत. डोंगरात रेंज नव्हती, एवढंच. फोनवर बोलले असते, पण बाबा मध्येच "बरं, ते असू दे" म्हणतात आणि सांगायचं ते राहून जातं.

तर फोटो. मी कड्याच्या टोकाला उभी वाटते, तशी नाही. पुढे लोखंडी कठडा आहे, तो माझ्या सॅकमागे झाकला गेलाय. सॅक बारा किलोची होती, वीस नाही. आणि पाठ दुखत नाहीये. फारशी.

तो धबधबा स्कोगाफॉस. साठ मीटर उंच, म्हणजे वीस मजली इमारत धरा. तो पडतो तो कडा एके काळी समुद्रकिनारा होता. समुद्र मागे हटला, कडा तिथेच राहिला. लोक बसने येतात, खालून बघतात आणि ओलेचिंब होऊन जातात. आम्ही वरून आलो. लांडमन्नालोयगरपासून थोर्समर्कपर्यंत पंचावन्न किलोमीटर चार दिवसांत, आणि पाचव्या दिवशी दोन हिमनद्यांमधली खिंड ओलांडून आणखी पंचवीस. खिंडीतून उतरताना या धबधब्याचीच नदी सोबत येते आणि दर वळणावर एक धबधबा टाकते. पहिल्या चारांचे फोटो काढले, नंतर कॅमेरा बाहेर काढायचाही कंटाळा आला. मग अचानक नदी पुढे दिसेनाशीच झाली, फक्त आवाज. तिथे कठड्याला धरून मी बराच वेळ गप्प उभी होते.

आजीला सांगा, त्या पाण्यामागे थ्रासी नावाच्या माणसाने सोन्याची पेटी लपवली आहे म्हणतात. एकाने कडीला हात घातला तर कडी हातात आली, पेटी तिथेच. कडी गावातल्या संग्रहालयात आहे.

नद्या चालत ओलांडल्या, हे दादाने सांगितलंच असेल. पाणी गुडघ्यापर्यंत होतं. एका ठिकाणी मांडीपर्यंत, पण तेवढंच. सॅकचा कमरेचा पट्टा आधी सोडून ठेवायचा, म्हणजे पाय घसरला तर ओझं टाकून देता येतं. एकमेकांचे दंड धरून पलीकडे जायचं. मी अजिबात पडले नाही.

आणि हो, मुलं-मुली एकाच खोलीत झोपलो. डोंगरातल्या हट, म्हणजे मुक्कामाच्या झोपड्या, तशाच असतात, फळ्यांवर ओळीने वीस जण, त्यात निम्मे आजोबा. कोण घोरत होतं तेवढं मी सांगू शकते.

खरा प्रसंग पुढेच आहे. इथे गावोगावी जमिनीतल्या गरम पाण्याचे तलाव आहेत. तलावात उतरण्याआधी अंगावरचे सगळे कपडे काढून साबणाने अंघोळ करावी लागते. सगळे म्हणजे सगळे, आई. पोहण्याचा पोशाख नंतर. बायकांची खोली वेगळी असते, पण आत आडोसा असेलच असं नाही. भिंतीवर माणसाचं चित्र, आणि डोकं, काखा, जांघा, पाय लाल रंगाने दाखवलेले: इथे घासा. कारण असं की पाण्यात क्लोरिन फार कमी घालतात, मग स्वच्छता माणसांनीच आणायची. शेजारच्या आजी शॅम्पू लावता लावता मला हवामान सांगत होत्या. मी पोशाख घालूनच नळाखाली उभी राहिले, तर तिथल्या बाईंनी हाताने खूण केली: काढ. काढला. पाच दिवसांची धूळ निघाली आणि लाजही त्यातच कुठेतरी गेली. हे बाबांनी वाचलं नाही तरी चालेल.

आता दोन गोष्टी. लोनचा हप्ता या महिन्यात चार दिवस उशिरा जाईल. जाईल नक्की. बाबा, तुम्ही मागच्यासारखा गुपचूप भरू नका.

दुसरी. मे महिन्यात सुट्टी नाही म्हणून घरी आले नाही, असं मी सांगितलं होतं. सुट्टी होती. हटमधल्या जागा महिनोन् महिने आधी भरतात, त्या आम्ही जानेवारीतच घेतल्या होत्या आणि सुट्टीचे दिवस तेवढेच उरले होते. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही "जा की" म्हणाला असता, आणि मग मला जाता आलं नसतं. डिसेंबरचं तिकीट या आठवड्यात काढते आणि तारीख कळवते. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन तोवर थांबवू नका.

मावशीच्या स्थळाला हो कळवू नका. नाहीही नको. आईने फोटो कुणी काढला हे दोनदा विचारलंय. ते मी तिला एकटीला फोनवर सांगेन. बाबा, रागावू नका, तुम्हालाही सांगणारच आहे, फक्त तिच्यानंतर.

तुमची,
चिमी