विषय: स्केटबोर्डच्या मिड ट्रकची उंची तक्त्यात 52, प्रत्यक्षात 48

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

गेल्या तीन आठवड्यांत तुमच्या विभागाकडून मला तीन उत्तरं आली. तिन्हींत उपाय आहेत, पण मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एकातही नाही. प्रश्न एका ओळीचा आहे: तुमच्या साइझच्या तक्त्यात ट्रकची (म्हणजे बोर्डाखाली चाकं धरणाऱ्या धातूच्या भागाची) उंची कुठून कुठपर्यंत मोजली आहे? तो तिथे कुणाला नीट कळला नसावा, म्हणून या वेळी सगळं पहिल्यापासून लिहिते.

माझा डेक, म्हणजे बोर्डाची फळी, 8.25 इंची, चाकं 54 मिमीची, वजन 82 किलो. स्केटिंग थोडं रस्त्यावर, बरंचसं बोलमध्ये, म्हणजे वाडग्यासारख्या खोलगट जागेत. जुन्या पुढच्या ट्रकचा किंगपिन, म्हणजे मधला मुख्य बोल्ट, तुटला तेव्हा एकच ट्रक बदलण्यापेक्षा जोडीच नवी घ्यावी असं ठरवलं. तुमचे मिड आणि हाय असे दोन प्रकार समोर होते. तक्त्यात मिडची उंची 52 आणि हायची 55. म्हणजे फरक 3 मिमीचा. मिड वजनाला हलका, बोर्ड जमिनीच्या जवळ राहणार, पाय उचलून पुश करायला सोपा. तीन मिलिमीटरसाठी एवढं सोडायचं कशाला, असा विचार करून मिड मागवला. मिडखाली तुम्हीच 'चाकं 52 ते 56 मिमी' असंही लिहिलं आहे, त्यामुळे 54 च्या चाकांची शंका येण्याचं कारण नव्हतं.

ट्रक बसवले आणि दुसऱ्याच दिवशी पडले. काही अचाट करत नव्हते. रुंद, सावकाश वळण, टाचेकडचं. मधेच पुढचं चाक डेकला घासलं, बोर्ड जागच्या जागी थांबला आणि मी एकटीच पुढे गेले. मनगट दहा दिवस बांधून ठेवावं लागलं. डेक उलटा केला तर पुढच्या बोल्टांच्या बाजूला चाकाने कोरलेली काळी चंद्रकोर. स्केट करणाऱ्या कुणालाही ती दाखवली तरी व्हीलबाइट, म्हणजे चाक डेकला घासून अडकणं, म्हणूनच सांगेल.

आता मोजमाप. माझं रोजचं कामच तयार पुर्जे तपासण्याचं आहे, त्यामुळे व्हर्नियर हाताशी असतो. ट्रकच्या बेसप्लेटचं डेकला टेकणारं तोंड सपाट पृष्ठभागावर ठेवलं आणि तिथपासून अॅक्सलच्या, म्हणजे चाकं बसतात त्या दांड्याच्या, माथ्यापर्यंत मोजलं. बरोबर 52. अॅक्सल 8 मिमी जाडीचा, म्हणजे त्याचा मध्य 4 मिमी खाली. ट्रकची उंची बेसप्लेटच्या तळापासून अॅक्सलच्या मध्यापर्यंत धरतात, कारण चाक त्या मध्याभोवती फिरतं. म्हणजे या ट्रकची उंची 48 आहे. दोन्ही ट्रक मोजले, दोन्ही तितकेच. माल एकसारखा आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

इथपर्यंत मला वाटलं की तुमची मोजायची पद्धतच तशी असेल. सगळेच ट्रक माथ्यापर्यंत मोजत असाल तर निदान आपसांत तुलना तरी होईल. मग एका मैत्रिणीच्या बोर्डावरचा तुमचाच हाय ट्रक काढून मोजला. तो मध्यापर्यंत 55 भरला. म्हणजे तक्त्याची एक ओळ एका माणसाने लिहिली आणि दुसरी दुसऱ्याने, आणि दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. ज्या 3 मिमीच्या फरकावर मी निर्णय घेतला तो मुळात 7 मिमीचा आहे.

सात मिलिमीटरने काय होतं असं कुणाला वाटेल, म्हणून हिशोब देते. 54 च्या चाकाची त्रिज्या 27. उंची 52 असती तर बोर्ड सरळ असताना चाक आणि डेक यांच्यात 25 मिमी मोकळे राहिले असते. 48 ला 21 राहतात. हाय घेतला असता तर 28. चाकाची बाहेरची कड डेकच्या मध्यापासून साधारण 100 मिमीवर आहे असं धरलं आणि बाकी काही हललं नाही असं मानलं, तर 21 मिमी संपायला डेक 12 अंश कलला की पुरे. 25 साठी साडेचौदा अंश लागतात, 28 साठी सोळाच्या वर. खरं बोर्ड कलताना हँगर (ट्रकचा अॅक्सल धरणारा आडवा भाग) वळतो, शिवाय डेकला खोलगटपणा असतो, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण बाराव्या अंशाला चाक टेकणं आणि सोळाव्याला टेकणं यांतला फरक पायांना पहिल्याच वळणात कळतो. माझ्या बाबतीत मनगटाला कळला.

48 चा ट्रक वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. 50 ते 52 ची छोटी चाकं लावून फ्लिपच्या ट्रिक करणाऱ्याला असा बुटका ट्रक हवाच असतो. बोर्ड लवकर पॉप होतो, म्हणजे शेपटी आपटली की उडतो, पायांखाली स्थिर वाटतो. फक्त त्याला लो म्हणतात. तुम्ही लो विकलात आणि वर मिडची चिठ्ठी चिकटवलीत.

आता तुमच्या उत्तरांकडे येते.

पहिलं उत्तर: किंगपिनचा नट दोन फेरे आवळा. आवळला. बुशिंग, म्हणजे किंगपिनभोवतीच्या लवचीक कड्या, वॉशरच्या बाहेर फुगून आले आणि बोर्ड वळायचाच बंद झाला. दिशा बदलायला पुढची चाकं उचलून ठेवावी लागत होती. किंगपिनचा नट बोर्ड किती सहज वळावा हे ठरवण्यासाठी असतो. उंचीची चूक त्याच्याकडून झाकून घ्यायची नसते. बुशिंग असे चिरडून ठेवले तर लवकर फाटतात हे तुमच्याच पत्रकात छापलं आहे, ते उत्तर लिहिणाऱ्याने वाचलेलं नसावं.

दुसरं उत्तर: रायझर पॅड, म्हणजे ट्रक आणि डेकमध्ये घालायची पट्टी, घ्या. सोबत तुमच्याच दुकानाचा दुवा. हे वाचून मात्र हसू आलं. 3 मिमीचा रायझर घातला तरी मोकळी जागा 24 होते, म्हणजे जेवढी सांगून विकली त्याहून 1 मिमी कमीच. शिवाय 1 इंची बोल्ट रायझरमधून पार होऊन नट पुरता पकडत नाहीत, म्हणजे सव्वा इंची बोल्टही घ्यायचे. हलका ट्रक म्हणून घेतलेल्या वस्तूवर वजन चढवायचं, आणि तेही माझ्या खर्चाने!

तिसरं उत्तर: डेकवर बसवलेला ट्रक परत घेतला जात नाही. इथे थोडं थांबते, कारण नियम म्हणून ते मला समजतं. ग्राइंड करून, म्हणजे कठड्यावर ट्रक घासत नेऊन, हँगर खरवडून आणला आणि बदलून मागितला, तर कुठलाही दुकानदार नाही म्हणेल. माझ्या हँगरवर एकही ओरखडा नाही. फोटो जोडले आहेत. आणि ट्रक आपल्या चाकांशी जुळतो की नाही हे डब्यात ठेवून कसं कळावं? बसवायच्या आधी मोजायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मला ते जमलं असतं, कबूल आहे. पण प्रत्येक ग्राहकाने व्हर्नियर घेऊनच डबा उघडायचा असेल तर तक्ता छापलाच कशाला?

उंचीसारखाच घोळ रुंदीच्या रकान्यातही आहे. तिथे मिडसमोर 144 आणि हायसमोर 210 लिहिलं आहे, दोन्ही मिमीमध्ये. 144 ही हँगरची रुंदी, 210 ही अॅक्सलची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी. दोन्ही ट्रक 8.25 च्याच डेकचे! माझा धाकटा भाऊ माझ्याबरोबर तक्ता बघत होता. हाय मिडच्या जवळजवळ दीडपट रुंद आहे असं समजून त्याने तो आपल्या यादीतून काढून टाकला. तो नवशिका आहे म्हणून नव्हे. या धंद्यात आकड्यांचा गोंधळ आधीच पुरेसा आहे. इंडिपेंडंटचा 144 म्हणजे हँगर मिलिमीटरमध्ये, आणि त्याचा अॅक्सल 8.25 इंच. व्हेंचरचा 5.2 म्हणजे हँगर इंचांत, आणि त्याचा अॅक्सल 8 इंच. मॉडेलचं नाव कुणी काहीही ठेवावं, पण डेकशी जुळवायचा असतो तो अॅक्सल. तो डेकच्या रुंदीइतका किंवा पाव इंचाच्या आत मागेपुढे असला की काम भागतं. प्रत्येक ओळीत अॅक्सलची लांबी एकाच पद्धतीने दिली असती, तर हा प्रश्न आलाच नसता.

बुशिंगबद्दल एकच वाक्य: 90ए कडकपणाचे बुशिंग 'सर्व वजनांसाठी योग्य' असं लिहू नका, कारण 40 किलोच्या मुलीखाली आणि माझ्याखाली ते सारखे दबत नाहीत.

जे चांगलं आहे तेही सांगते. माझ्या ट्रकचा अॅक्सल मोजून 209.5 मिमी भरला, म्हणजे 8.25 ला चोख. हँगर सरळ आहे, पिव्हट कप (हँगरचं टोक ज्यात बसतं ती वाटी) पहिल्या दिवसापासून कुरकुरत नाही, बेसप्लेटला सहा भोकं असल्याने जुन्या आणि नव्या दोन्ही प्रकारच्या डेकवर ट्रक बसतो. कारखान्यातल्या लोकांनी काम मन लावून केलं आहे. त्यांचं काम तक्ता लिहिणाऱ्याने वाया घालवलं.

माझ्या मागण्या अशा. मिडची जोडी परत घेऊन त्याच अॅक्सलची हायची जोडी द्यावी, आणि जाण्यायेण्याचा पाठवणीखर्च तुम्ही करावा. तक्त्यातल्या सर्व ओळी अॅक्सलच्या मध्यापर्यंत मोजून दुरुस्त कराव्यात, आणि मोजमाप कुठून कुठपर्यंत आहे हे एका साध्या आकृतीने तिथेच दाखवावं. मिडखालचं 'चाकं 52 ते 56' हे वाक्य आजच काढावं; त्यासाठी बैठकीची गरज नाही. तक्ता बदलल्यावर, ज्यांनी आधी मिड घेतला आहे त्यांना तुमच्याकडे असलेल्या पत्त्यांवर कळवावं. त्यांतल्या कुणाच्या बोर्डावर 56 ची चाकं असतील तर त्यांच्याकडे 20 मिमीच उरतात.

डेकचे पैसे मी मागत नाही. चंद्रकोर पडलेली असली तरी तो चालतो.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं. त्यात नट आवळण्याचा सल्ला नसावा ही विनंती.

सोबत: खरेदीची पावती, व्हर्नियरसह दोन्ही ट्रकचे फोटो, मैत्रिणीच्या हाय ट्रकच्या मापाचा फोटो, डेकच्या खालच्या बाजूचा फोटो, तुमची तिन्ही उत्तरं आणि आज सकाळी जसा दिसत होता तसा तुमचा तक्ता.

आपली,
मिड ट्रकची एक ग्राहक

ता. क. भावाला 7.75 चा डेक घ्यायचा आहे आणि त्याची नजर तुमच्या लो ट्रकवर आहे. तक्त्यात त्याची उंची 47 आहे. ती मध्यापर्यंत की माथ्यापर्यंत, एवढं उत्तरात लिहिलंत तर त्याला ऑर्डर देता येईल. माथ्यापर्यंत असेल तर तो 43 चा निघेल, आणि मग त्याला चाकंही वेगळी शोधावी लागतील.